दोनदा आलेला हेडर

वसमतच्या आमच्या गल्लीत मी काय काम करते हे कोणालाच नीट माहीत नाही, आणि त्याला जबाबदार मीच आहे. कोणी विचारलं की मी सांगते, कॉम्प्युटरवर लिहायचं काम. बहुतेकांचं एवढ्यावर समाधान होतं. समोरच्या काकूंचं झालं नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे अर्ज भरून देतीस का?" मी नाही म्हटलं, तरी दोन दिवसांनी नातवाच्या दाखल्याचा कागद घेऊन त्या दारात हजर. मुकाट्याने भरून दिला.

खरं काम असं आहे. एक सॉफ्टवेअर आहे. एखाद्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये बाहेरून जे जे येतं त्यावर ते नजर ठेवतं, आणि घुसखोरीचा संशय आला की इशारा देतं. पण संशय कशाचा घ्यायचा हे त्याला आपोआप कळत नाही, ते नियम लिहून सांगावं लागतं. नियम लिहिणारे लोक जगभर पसरलेत. नियम कसा लिहायचा, सॉफ्टवेअर नेमकं काय बघतं आणि काय बघत नाही, हे ज्या पानांवर वाचून ते लिहितात, ती पानं मी लिहिते. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चार वर्षं काढली, आणि घरून काम करायची मुभा मिळाली तशी सामान बांधून वसमतला परत आले.

हे काम मला चांगलं येतं. असलं काही विनयाने सांगायची रीत आहे, पण ती मला कधी जमली नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो गुळमुळीत पानांचा. 'सहसा असं होतं', 'बहुतेक वेळा तसं दिसतं'. अहो, वाचणाऱ्याने विचारलंय दार बंद आहे का, आणि तुम्ही सांगताय, सहसा बंद असतं. मग त्याने झोपावं की जागावं? माझ्या पानांवर असलं वाक्य सापडणार नाही. जे आहे ते आहे, नाही ते नाही.

तर या पानांमध्ये एक जागा मोकळी होती. ब्राउझर सर्व्हरकडे काही मागतो तेव्हा त्या मागणीच्या वर काही ओळी असतात. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यापुढे थोडा मजकूर: मी अमुक ब्राउझर आहे, मला अमुक भाषा चालते. या ओळींना हेडर म्हणतात. यातल्या बहुतेक ओळी एकदाच याव्यात अशी अपेक्षा असते, पण तीच ओळ दोनदा पाठवणाऱ्याचा हात कोण धरणार? वर लिहायचं 'मी साधा ब्राउझर आहे', खाली त्याच नावाच्या दुसऱ्या ओळीत लिहायचं 'मी कुलपं तोडायचं हत्यार आहे'. अशा वेळी आमचा नियम कोणती ओळ बघतो? पहिली, शेवटची, की दोन्ही? हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोक विचारत, आणि जुनी जाणती मंडळी उत्तर देत, 'ते परिस्थितीवर अवलंबून आहे.'

हे वाक्य वाचलं आणि मी ते काम अंगावर घेतलं. दोन हेडर पाठवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, सॉफ्टवेअर चालू केलं, वेगवेगळे नियम लावले. मजकूर उलटा करून पाहिला, तिसरा हेडर घालून पाहिला. दर वेळी उत्तर एकच. मग मी पानावर दोन वाक्यं लिहिली. पान इंग्रजीत असतं, मराठीत सांगायचं तर ती अशी: एकच हेडर दोनदा आला तर नियम शेवटचा हेडर बघतो. त्यामुळे मजकुराशी तंतोतंत जुळणी करणारा नियम पुरेसा आहे.

इतक्या वर्षांचा घोळ दोन वाक्यांत निकालात. दुपारी जेवताना मी ती दोन्ही बाबांना वाचून दाखवली. "चांगलं हाय," बाबा म्हणाले आणि भाकरीकडे वळले. मी मात्र दोन दिवस हवेत होते.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. ती जवळच्या हट्टा गावची. घरी शेती, हळद आणि सोयाबीन. नांदेडला चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मी बोलायची आणि ती ऐकायची, अशी आमची वाटणी पहिल्याच आठवड्यात झाली होती. वसमतमध्ये एक छोटी कंपनी आहे, हळदीच्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन बोली लावता यावी म्हणून संकेतस्थळ चालवते. मालक स्वतः आधी हळदीचाच व्यापारी. त्या कंपनीत कॉम्प्युटर जाणणारं माणूस एकच, ती. प्रिंटर अडकला तरी तिला हाक आणि संकेतस्थळाला कोणी धक्का मारला तरी तिलाच. संध्याकाळी पाचच्या एसटीने ती हट्ट्याला जाते, कारण आईचे गुडघे गेलेत आणि घरात तिसरं माणूस नाही. पुण्याहून दोनदा बोलावणं आलं, तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं. वसमत तालुक्यात तिच्या शिक्षणाची दुसरी नोकरी नाही.

तिने आमचं सॉफ्टवेअर बसवलं होतं आणि माझं पान वाचून नियम लिहिला होता. कुलपं तोडायच्या एका हत्याराचं, म्हणजे संकेतस्थळात घुसायच्या एका प्रोग्रामचं, नाव हेडरमध्ये आलं की इशारा वाजावा, असा. नाव मजकुरात कुठेही सापडलं तरी चालेल असं तिने आधी ठेवलं होतं, पण त्यांच्या स्वतःच्याच ॲपच्या नावात ती अक्षरं येत होती आणि इशारा दिवसभर वाजायचा. मग तिने माझ्या दुसऱ्या वाक्यावर भरवसा ठेवून तंतोतंत जुळणी लावली, म्हणजे मजकुरात फक्त तेच नाव असेल तरच इशारा. इशारा शांत झाला, सगळे खूष.

पुढे मालकाने पुण्याच्या एका संस्थेला संकेतस्थळ तपासायला बोलावलं. त्यांनी लुटूपुटूचा हल्ला करून बघायचा असं ठरलं होतं. त्यांनी एकच हेडर दोनदा पाठवला, वर साध्या ब्राउझरचं नाव आणि खाली हत्याराचं. सगळी मागणी आरपार आत गेली. इशारा वाजलाच नाही. अहवालात त्यांनी लिहिलं की नियम चुकीचा आहे, आणि हे काम जाणकारांकडे, म्हणजे त्यांच्याकडेच, सोपवावं. मालकाने तिच्याकडे लेखी खुलासा मागितला. सोमवारी निर्णय, तिला ठेवायचं की काम पुण्याला द्यायचं.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. झालेलं सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "तुझ्या पानाबद्दल इचारायचं व्हतं."

"रूल कसा लिहिला ते वाच बरं," मी म्हटलं.

तिने वाचला. नियमात खोट काढायला जागा नव्हती, तरी मी काढली. आवृत्ती जुनी असेल. सेटिंगमध्ये काही तरी बंद असेल. तपासणाऱ्यांनीच काही लपवलं असेल. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मधे एकदा ती म्हणाली, "तू टेस्ट कशी केली व्हती गं? म्हंजे, बाहेर काय जाऊन राहिलं ते..."

"तीनदा केली," मी तिला तोडत म्हटलं. "माह्यावर भरोसा न्हाई का तुझा?"

"तसं न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. ठीक हाय."

मी आणखी दहा मिनिटं बोलले. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, तिला नीट समजावलं.

शनिवारी सकाळी गल्लीतला एक माणूस हळदीची दोन पोती घेऊन घरी आला. बाबा तीस वर्षं बाजारात मापाडी होते, म्हणजे वजनकाट्यावर माल मापून द्यायचं काम. आता घरीच असतात, पण काटा त्यांनी जवळ ठेवलाय आणि लोक हक्काने येतात. 'जय भीम, भाऊ' म्हणत पोती ओट्यावर आली. बाबांनी काटा मांडला, रिकामा काटा शून्यावर आहे हे त्या माणसाला दाखवलं, मग पहिलं पोतं चढवलं. पोतं उतरवलं, आणि दुसरं चढवण्याआधी पुन्हा त्याला रिकामा काटा दाखवला.

"आत्ताच तं दावला की, भाऊ," तो हसून म्हणाला.

"ते आधीच्या पोत्याचं झालं," बाबा म्हणाले. "खाली माती पडली असंल, सुतळी अटकली असंल. काट्यावर काई ऱ्हाऊन गेलं, अन् दोष मालाला काहून द्यायचा?"

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाजारात बाकीचे मापाडी सकाळी एकदा काटा बघायचे, बाबा दर पोत्यामागे बघायचे आणि बघताना शेतकऱ्याला पुढे बोलवायचे. त्यापायी रांग तुंबायची, हमाल कुरकुरायचे. मला शाळेत असताना त्याची लाजही वाटायची. त्या शनिवारी मात्र मी दारात उभी होते आणि हातातला कप तसाच राहिला. मी सॉफ्टवेअर तपासलं होतं, नियम तपासले होते. ज्या प्रोग्रामने मी दोन हेडर पाठवत होते, तो खरोखर दोन पाठवतो का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

आत जाऊन मशीनमधून बाहेर पडणारी मागणी पकडली आणि उघडून वाचली. हेडर एकच होता.

माझ्या प्रोग्रामने हेडर ठेवायला जी सोय वापरली होती, तीत एका नावाला एकच जागा असते. दुसरा मजकूर आला की पहिला पुसला जातो. म्हणजे पहिला हेडर माझ्या टेबलावरून कधी निघालाच नव्हता. सॉफ्टवेअरपुढे दर वेळी एकच हेडर येत होता, शेवटचा, आणि मी जगाला सांगत होते की ते शेवटचा निवडतं. मग मी सगळ्या ओळी हाताने टाइप करून जशाच्या तशा पाठवल्या, आणि पाठवल्यावर आधी बाहेर काय गेलं ते बघितलं. दोन गेले होते. सॉफ्टवेअरने ते दोन्ही जोडले होते: पहिला मजकूर, स्वल्पविराम, मोकळी जागा, दुसरा मजकूर. या जोडलेल्या लांबलचक मजकुराशी तंतोतंत जुळणी कधीच होणार नव्हती. तिचा नियम माझ्या पानाप्रमाणे अचूक होता, आणि म्हणूनच मुका राहिला होता.

मला लाज वाटली. आणि त्या पाठोपाठ जो विचार आला तो सांगायला नको वाटतं, पण सांगते. पान माझ्या हातात होतं. वाक्य गुपचूप बदललं असतं तर कोणाच्या लक्षात आलं असतं? जुन्या नोंदी असतात, पण त्या उघडून बघतं कोण. सोमवारी मालकाने पान उघडलं असतं तर त्याला बरोबर माहिती दिसली असती. आणि त्याचा अर्थ एवढाच निघाला असता की हट्ट्याच्या पोरीला वाचता येत नाही. पाच मिनिटं तरी हा विचार माझ्या डोक्यात ठाण मांडून होता.

मग मी पानावर अगदी वर दुरुस्ती घातली. जुनी दोन वाक्यं तशीच ठेवून त्यांवर रेघ मारली, आणि खाली लिहिलं की ही माहिती चुकीची होती, ती चाचणीच्या प्रोग्राममधल्या दोषामुळे आली, या माहितीवरून लिहिलेले नियम दोनदा आलेले हेडर सोडून देतील, आणि चूक पान लिहिणारीची आहे. खरा प्रकार कसा आहे हे सांगणारा एक लांब परिच्छेद त्याखाली जोडला. ज्यांनी 'परिस्थितीवर अवलंबून आहे' म्हटलं होतं त्यांच्यापैकी एकाने तासाभरात दुरुस्तीखाली 'पसंत'चा अंगठा टाकला. तो टोमणा मी गिळला.

सोमवारी सकाळी तिला न सांगता मी तिच्या कचेरीत गेले. मालक गादीवर बसायची सवय असलेले गृहस्थ, फिरत्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. ती समोर उभी होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"तुमी कोण?" मालकांनी विचारलं.

"हिनं ज्या पानावरून रूल लिहिला ते पान मी लिहिलं," मी म्हटलं. "पान चुकीचं व्हतं. हिचं काम बराबर व्हतं."

लॅपटॉप उघडून मी त्यांना रेघ मारलेली वाक्यं दाखवली, मग दोन हेडर पाठवून ते कसे जोडले जातात ते दाखवलं. वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना लवकर समजलं. आयुष्यभर माल पारखलेला माणूस, दोन माल एकात कसे मिसळतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"मंग हिनं असं काहून लिहून दिलं?"

तिचा खुलासा होता. सुवाच्य अक्षरात तीन ओळी. संदर्भाचं पान वाचताना माझ्याकडून चूक झाली. नियम न तपासता लावला. यास मी स्वतः जबाबदार आहे. पान कोणाचं, त्यात काय लिहिलं होतं, याबद्दल एक अक्षर नाही.

ती टेबलाकडे बघत होती. मालकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कागद चुरगळून पायाशी टोपलीत टाकला.

"पुण्याच्या लोकांना काय सांगायचं ते मी सांगतो," ते म्हणाले. "आता मला एवढंच सांग पोरी, तो रूल दुरुस्त करायला किती टाइम लागंल?"

"झालाय," ती म्हणाली. "आता वाजतो."

"कवा केला?"

"शुक्रवारी सकाळी."

शुक्रवारी दुपारी तिने मला फोन केला होता. मी लॅपटॉप मिटला.

ती मला सोडायला जिन्याच्या खालपर्यंत आली. मी विचारलं, "तुला शुक्रवारीच म्हाईत व्हतं?"

"व्हय. बाहेर काय जातं, अन् आत काय येतं, दोन्ही बघितलं. तेच सांगायला फोन केला व्हता."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगून राहिले व्हते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तू आवृत्ती सांगून राहिली, सेटिंग सांगून राहिली. मंग मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे. नोकरी काय, दुसरी भेटली असती. तू बोलणं सोडलं असतं तं?"

दुसरी भेटली नसती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आणि बोलणं मी सोडलं असतं, हेही. कॉलेजात तिसऱ्या वर्षी एका प्रयोगाच्या उत्तरावरून मी तिच्याशी सहा महिने अबोला धरला होता. एकाच खोलीत, दोन खाटांमध्ये हातभर अंतर. उत्तर तिचं बरोबर होतं. शेवटी माफी तिने मागितली होती, आणि मी ती दिली होती, मोठ्या मनाने.

"मी चुकले," मी म्हटलं. "पानात बी, अन् फोनवर बी." हे वाक्य तिला मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. ते म्हणायला जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या जागेत मला किती वेळ लागला हे तिने बघितलं, आणि ती घाई न करता थांबली.

मग तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. शुक्रवारी फोनवर वाचून दाखवायला लिहिला होता म्हणाली. त्यावर तिने घेतलेली चाचणी होती, टप्प्याटप्प्याने, आणि खाली माझ्या पानासाठी सुचवलेलं एकच वाक्य: दोनदा आलेले हेडर स्वल्पविराम आणि मोकळी जागा घालून जोडले जातात, म्हणून तंतोतंत जुळणी फसते, नाव जोडलेल्या मजकुरात कुठेही शोधावं आणि आपल्या ओळखीची नावं वगळावीत.

घरी जाऊन मी शनिवारी लिहिलेला माझा लांब परिच्छेद काढला आणि त्या जागी तिचं वाक्य ठेवलं. त्यात बदलायला मला एक शब्दही सापडला नाही, आणि मी बराच वेळ शोधला.